हॉलमधली केबल बंद करा, सासूबाईंची राहू द्या

कर्वेनगरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी अशी पाच माणसे आहेत. हॉलमध्ये एक टीव्ही आहे, सासूबाईंच्या खोलीत दुसरा. केबलसाठी हॉलचे ४८० आणि खोलीचे ३५० असे दरमहा ८३० रुपये जातात. इंटरनेटचे ६९९ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून ८२५ रुपये होतात. याशिवाय नेटफ्लिक्सचे महिन्याला ४९९ रुपये आणि प्राइम व जिओहॉटस्टार यांची प्रत्येकी १,४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी आहे. दोन्ही केबल जोडण्या बंद कराव्यात, मराठी मालिकांसाठी झी५ आणि सोनी लिव्ह घ्यावे (त्यांनी स्वतः काढलेल्या आकड्यानुसार दोन्हींचे मिळून वर्षाला २,५०० रुपये) आणि वाचलेल्या ८३० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे) सुरू करावी, असा त्यांचा बेत आहे. सासूबाईंना तो मान्य नाही. “त्यांचे मन मोडून वीस वर्षांत आठ लाख मिळत असतील, तर मी चुकते आहे का?” असे त्यांनी विचारले आहे.

बेत चुकीचा नाही, पण त्यामागचा हिशेब चुकला आहे, आणि तो नेमका कुठे चुकला हे पाहिले की सासूबाईंचा प्रश्नही बराचसा सुटतो.

आठ लाखांपासून सुरुवात करू. तो आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, असे तुम्ही लिहिले आहे. दरमहा ८३० रुपये, वर्षाला बारा टक्के परतावा आणि वीस वर्षे असे गृहीत धरले, तर उत्तर सव्वाआठ लाखांच्या आसपास येते. गुणाकारात खोट नाही. मात्र बारा टक्के ही कोणी दिलेली हमी नव्हे. महागाई सहा टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या आठ लाखांची किंमत आजच्या अडीच लाखांएवढी राहील. आणि सर्वांत मोठी गफलत अशी की त्या हिशेबात केबल बंद झाल्यावर करमणुकीचा खर्च शून्य होतो. तुमच्या घरात तो शून्य होत नाही, नुसता एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

आता पहिल्याच वर्षाचा ताळा करू. केबलचे ८३० रुपये म्हणजे वर्षाचे ९,९६० रुपये. त्यातून दोन नव्या अ‍ॅपचे २,५०० वजा केले की ७,४६० उरतात. पण तुमचे दोन्ही टीव्ही दहा वर्षांपूर्वीचे असून स्मार्ट नाहीत. त्यांच्यावर अ‍ॅप दिसण्यासाठी मागच्या बाजूने लावायची स्टिक लागेल, आणि तुम्ही दुकानात विचारलेल्या भावाप्रमाणे एका स्टिकचे ४,००० धरले, तर दोन टीव्हींचे ८,००० झाले. म्हणजे पहिल्या वर्षी बचत तर नाहीच, उलट ५४० रुपये पदरचे जातात. एसआयपीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वीच तुम्ही तोट्यात असाल.

त्यात पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलेली एक ओळ आहे, ती मला अधिक काळजीची वाटली. इंटरनेट कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले, “मॅडम, दोन टीव्ही नेटवर चालवायचे तर २०० एमबीपीएस घ्यावेच लागेल,” आणि त्या वेगाचा (एमबीपीएस हे इंटरनेटच्या वेगाचे माप) भाव ९९९ अधिक जीएसटी आहे. हा फरक महिन्याला ३५४ आणि वर्षाला ४,२४८ रुपयांचा होतो, म्हणजे आपण वर काढलेल्या ७,४६० रुपयांतील निम्म्याहून अधिक रक्कम त्या एका फोनवर गेली असती. कृपया घेऊ नका. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे फुल एचडी चित्रासाठी ५ आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. तुमच्या घरात दोन टीव्ही, मुलाचा अभ्यासाचा व्हिडिओ आणि यजमानांची ऑफिसची मीटिंग एकाच वेळी चालली, तरी सध्याच्या १०० एमबीपीएसमध्ये ते आरामात बसते. खोलीत चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा वेगाचा नसून हॉलच्या कोपऱ्यात कपाटाआड ठेवलेल्या राउटरचा असतो. तो आधी बाहेर काढून उंचावर ठेवून पाहा.

सासूबाईंच्या विरोधाकडे हट्ट म्हणून पाहू नका, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या प्रश्नात त्यांची बाजू हिशेबाच्या दृष्टीनेही भक्कम आहे. त्या झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या चार वाहिन्या पाहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन अ‍ॅपचे एकत्रीकरण होऊन जिओहॉटस्टार झाले, तेव्हापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच छताखाली आल्या, हे खरे. पण झी मराठीसाठी झी५ आणि सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह लागतेच. म्हणजे चार वाहिन्यांसाठी तीन अ‍ॅप, तीन पासवर्ड आणि तीन नूतनीकरणाच्या तारखा. शिवाय अ‍ॅपवर मालिका आपण शोधायची असते; केबलवर ती साडेसातला आपोआप समोर येते.

माझ्या वडिलांच्या सदाशिव पेठेतल्या घरी मी हा प्रयोग केला आहे. त्यांच्या जुन्या रिमोटवरचे रबरी आकडे झिजून गेले होते, तरी बोटांना ते पाठ होते. कुठल्या वाहिनीचा कोणता क्रमांक, हे त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर निळ्या पेनाने लिहून ठेवले होते. मी मोठ्या हौसेने स्टिक लावून दिली. पहिल्याच दिवशी त्यांचे तीन फोन आले. पहिला, “कोण पाहत आहे, असे विचारतो आहे, काय सांगू?” दुसरा, “मी बोललो नाही तरी तो ऐकतो आहे,” कारण आवाजाने शोधण्याचे बटण चुकून दाबले गेले होते. तिसऱ्या फोनवर ते काही बोललेच नाहीत, नुसते “तू येशील तेव्हा बघ” म्हणून ठेवून दिला. पंधरा दिवसांनी मी केबल पुन्हा जोडून घेतली आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजले. सल्लागाराचेही असे होते.

तेव्हा माझा सल्ला असा की हॉलची जोडणी बंद करावी आणि खोलीतली ठेवावी, पण तिचा पॅक बदलावा. हॉलमध्ये तुम्ही लिहिल्याप्रमाणे क्रिकेट, बातम्या आणि मुलांचे सिनेमे चालतात. आयपीएल जिओहॉटस्टारवर दिसते आणि त्याची वर्गणी तुम्ही भरलेलीच आहे. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. एक उणीव मात्र राहील. नेटवरचे प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे गडी बाद झाल्याचे तुमच्या यजमानांना आधी शेजारच्या घरातल्या ओरड्यावरून कळेल आणि मग पडद्यावर दिसेल.

खोलीसाठी तुमच्या केबलवाल्याने फक्त मराठी वाहिन्यांचा पॅक २७० रुपयांत सांगितला आहे. इथे एका गोष्टीची खात्री करून घ्या, कारण बरेच ग्राहक नेमके इथेच फसतात. एका घरात दोन जोडण्या असतात तेव्हा दुसऱ्या जोडणीला नेटवर्कच्या शुल्कात, ज्याला केबलवाले एनसीएफ म्हणतात, बहुधा सवलत मिळते. तुमची हॉलची जोडणी मुख्य आहे आणि खोलीची दुसरी. मुख्य जोडणी बंद झाली की दुसरीच मुख्य ठरते आणि सवलत जाऊ शकते. २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दररचना लागू झाली तेव्हा हे शुल्क १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैशांपर्यंत बांधलेले होते. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असू शकतो. “हॉलची बंद केल्यावर, कर धरून, हातात पडणारे बिल किती?” एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. तोंडी २७० चे बिलावर ३२० होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर २७० च आले असे धरू. वर्षाचे ३,२४० झाले, म्हणजे केबलवर ६,७२० रुपये वाचले. झी५ आणि सोनी लिव्ह घेण्याचे आता कारणच उरत नाही. स्टिक एकच लागेल, तिचे ४,००० पहिल्या वर्षी वजा जातील आणि २,७२० हाती राहतील. हा आकडा आठ लाखांच्या स्वप्नापुढे फिका वाटेल, पण तो खरा आहे.

दूरदर्शनच्या फ्री डिशचाही तुम्ही उल्लेख केला आहे. तिला मासिक शुल्क नाही, सह्याद्री वाहिनी दिसते आणि भारताचे काही क्रिकेट सामनेही दिसतात. परंतु सासूबाईंच्या मालिका ज्या सशुल्क वाहिन्यांवर आहेत त्या तिथे मिळत नाहीत, आणि सोसायटीच्या गच्चीवर छत्री लावायला परवानगी लागेल ती वेगळीच. तुमच्यासाठी तो मार्ग नाही.

खरी गळती मला केबलमध्ये दिसत नाही, ती नेटफ्लिक्सच्या ओळीत दिसते. ४९९ रुपये दरमहा म्हणजे वर्षाला ५,९८८. तुमच्या पूर्ण केबलखर्चाच्या साठ टक्के. तरीही पत्रात त्याविषयी एक अक्षर नाही. याचे कारण साधे आहे: केबलवाला दर महिन्याला दारात येतो, त्यामुळे त्याचे पैसे डोळ्यांना खुपतात, आणि ऑटोपेचे पैसे खात्यातून निमूट निघून जातात. मुलगा दहावीला आहे. जानेवारी ते मार्च तो सिनेमे पाहणार नाही आणि पाहू नयेत अशीच तुमची इच्छा असणार. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि त्यांना लागून एकेक महिना असे वर्षातले चार महिने वर्गणी चालू ठेवली, तर १,९९६ रुपये लागतील आणि ३,९९२ वाचतील. ही वर्गणी मासिक असल्यामुळे बंद करून पुन्हा सुरू करण्यात कोणताही दंड नाही. १९९ रुपयांचा प्लॅन घेऊन बाराही महिने चालू ठेवणे हा दुसरा पर्याय आहे, पण त्यात एकच पडदा मिळतो आणि भावंडांत भांडणे लागतील.

प्राइमची वर्गणी तुम्ही सामान घरपोच मागवण्यासाठीही वापरता, म्हणून ती राहू द्या. मात्र जून २०२५ पासून तिथे जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि त्या टाळण्यासाठी वर्षाला आणखी ६९९ मागितले जातात, ते देऊ नका. यजमानांच्या मोबाइल रिचार्जसोबत जिओहॉटस्टार येते आहे का, हेही पाहा. अशी सोबत आलेली वर्गणी पुष्कळदा फक्त मोबाइलवर चालते, टीव्हीवर नाही, म्हणून ती आहे या भरवशावर घरची बंद करू नका. पण ती टीव्हीवर चालत असेल, तर घरच्या वर्गणीसाठी वेगळे १,४९९ रुपये भरण्यात अर्थ नाही.

ऑटोपेबाबत एक नियम उपयोगी पडेल. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती एसएमएसने किंवा ई-मेलने येते आणि आपण ती जाहिरात समजून पुसून टाकतो. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. या रविवारी यजमानांना शेजारी बसवून ती उघडा. मुलीने फुकट चाचणीसाठी सुरू केलेले एखादे अ‍ॅप त्यात सापडले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

केबलचे २,७२० आणि नेटफ्लिक्सचे ३,९९२ मिळून पहिल्या वर्षी ६,७१२ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ५६० रुपये मोकळे होतात. दुसऱ्या वर्षी स्टिकचा खर्च नसल्याने हीच रक्कम १०,७१२, म्हणजे महिन्याला ८९० च्या जवळ जाते. गंमत अशी की केबल पूर्ण तोडून तुम्ही वाचवू पाहत होता त्या ८३० पेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि सासूबाईंची मालिकाही चुकत नाही. पहिले वर्ष ५०० रुपयांचीच एसआयपी करा आणि तिची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. महिनाअखेर उरेल ते गुंतवू म्हटले, तर ते पैसे लक्ष्मी रोडवरच्या खरेदीतच संपतात. स्टिकचे ४,००० मात्र सुरुवातीला एकदम जाणार आहेत, ते दिवाळीच्या बोनसमधून काढा. त्यासाठी क्रेडिट कार्डाचा हप्ता करून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी हप्ता ८०० करा, तोही अ‍ॅपचे भाव तोवर वाढले नाहीत तरच.

हा बदल गणपती झाल्यावर करा. विसर्जनाची मिरवणूक सासूबाई रात्रभर टीव्हीवर पाहतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्या दोन दिवसांत केबलवाल्याचा माणूस फोनही उचलणार नाही. हॉलची जोडणी बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. सेट टॉप बॉक्स भाड्याचा असेल, तर तो रिमोट आणि अ‍ॅडॉप्टरसह परत केल्याची पावती घ्या आणि अनामत रक्कम भरलेली असल्यास ती मागा. बॉक्स विकत घेतलेला असेल, तर तो तुमचाच आहे, कोणी मागितला तरी देऊ नका. खोलीतल्या बॉक्सचा पॅक बदलला की वाहिन्यांचे क्रमांक बदलतात का, हेही त्याच वेळी विचारा, आणि बदलत असतील तर चारही नवे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून सासूबाईंच्या रिमोटच्या मागे चिकटवून द्या.