यादी जरा बाजूला ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची मॉन्टेसरी साधनांची लांबलचक यादीही. लेक अडीच वर्षांची होते न होते तोच तू एवढा अभ्यास करून बसलास, याचं कौतुक वाटलं. यादी वाचताना थोडं हसूही आलं, कारण तिच्यातली बरीचशी साधनं चार-पाच वर्षांच्या मुलांची आहेत. ‘बाई, यातलं नक्की काय घेऊ?’ एवढंच तू विचारलंयस. उत्तर जरा लांबेल.

आधी त्या नावाचं. ‘मॉन्टेसरी’ हे मारिया मॉन्टेसरींच्या बालशिक्षण पद्धतीचं नाव, पण हा शब्द कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. कुठल्याही लाकडी खेळण्यावर तो छापता येतो, आणि सर्रास छापतात. म्हणून खोक्यावर काय लिहिलंय ते सोड, वस्तू हातात घे आणि दोनच गोष्टी बघ. ती एका वेळी एकच काही शिकवते का? आणि मुलाचं चुकलं तर ते वस्तूच दाखवून देते, की तुला मध्ये बोलावं लागतं?

उदाहरणार्थ दट्ट्यांचा ठोकळा. एक जाड लाकडी ठोकळा, त्यात ओळीने दहा खळगे आणि प्रत्येक खळग्यात नेमका बसणारा दट्टा. वर बारीकशी मूठ, तीन बोटांच्या चिमटीत धरता येईल अशी. पुढे पेन्सिल धरायची तीही याच बोटांनी. पूर्ण संचात असे चार ठोकळे असतात. एकात फक्त जाडी बदलते, एकात फक्त उंची, उरलेल्या दोनांत दोन्ही. जाडीचा ठोकळा घेऊन बसलेलं मूल नीट बघ. सगळे दट्टे काढून, मिसळून ते परत बसवायला लागतं. बारीक दट्टा मोठ्या खळग्यात सहज उतरतो, तेव्हा त्याला काहीच वावगं वाटत नाही. शेवटी मात्र हातात एक जाडा दट्टा उरतो आणि समोर अरुंद खळगा. मूल तो दाबून बघतं, उलटा करून बघतं. मग त्याची नजर ओळीवरून फिरते, कुठलासा दट्टा सैल डुगडुगतोय हे दिसतं आणि तो उपसला जातो. एवढ्या वेळात तू अवाक्षरही काढायचं नाहीस. ‘अगं, तो नाही, तो शेजारचा’ असं आपण म्हटलं की साधनाचे पैसे पाण्यात गेले म्हणून समज.

मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथे साधारण तीन वर्षांची एक मुलगी हेच दट्टे काढत-घालत बसली होती. मॉन्टेसरीबाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिने दट्टे मांडीत गोळा केले आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं, मग आपणहून थांबली. बालगृहात भारी खेळणीही आली होती, पण मुलं त्यांच्याकडे फारशी फिरकेनात. मुलं ज्याच्याकडे वळली नाहीत ते मागे पडलं, ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा आली ते राहिलं. साधनांची निवड मुळात मुलांनीच केलेली आहे आणि तुझ्या घरातही ती लेकीलाच करू दे. एखादी वस्तू ठेव आणि बघत राहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आपणहून तिच्याकडे गेली तर ठीक. ढुंकून बघितलं नाही तर महिनाभर उचलून ठेव, तिला समजावत बसू नकोस.

यादीत सगळ्यात वर तू गुलाबी मनोरा लिहिलायस. दहा घन, सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०, प्रत्येक पायरीला नेमका १ सेंटिमीटरचा फरक. सगळे एकाच रंगाचे, कारण बदलायला हवा तो फक्त आकार. तू निवडलेल्या मनोऱ्यात मात्र प्रत्येक ठोकळा वेगळ्या रंगाचा आहे. तो दिसायला सुरेख आहे, पण मूल ‘तांबड्यावर हिरवा’ असं पाठ करून रचेल आणि आकाराकडे बघण्याची गरजच उरणार नाही. लाकूड वाचवायला निम्म्या मापाचे संच करतात तेही टाळ. त्यात दोन ठोकळ्यांमधला फरक अर्ध्या सेंटिमीटरवर येतो आणि वजनाची मजा जाते. खऱ्या संचातला मोठा घन दोन्ही हातांनी उचलावा लागतो, कारण आकारमानाने तो चिमुकल्याच्या हजार पट असतो. मापं नीट आहेत का ते बघायचं तर सगळ्या घनांचा एक कोपरा एका उभ्या रेषेत येईल असा मनोरा रच. प्रत्येक पायरीवर जो काठ सुटतो, त्यावर सर्वांत लहान घन बरोबर बसला पाहिजे.

आता हाच लहान घन अडीच वर्षांच्या मुलीच्या घशात अडकू शकतो. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. मणी, बारीक दट्टे, बटणं, सगळ्यांना हाच नियम. ती अजून वस्तू तोंडात घालत असेल तर मनोरा आत्ता घेऊच नकोस, किंवा तो घन स्वतःकडे ठेव. चुंबकाचे सुटे तुकडे आणि बटण-सेल असलेलं काहीही असेल तर यादीतून सरळ खोड.

तो कुलपं, चाकं, आरसा, झिप, स्विच एकाच फळीवर असलेला बोर्डही खोड. त्यात धोका काही नाही, नुसता गोंधळ आहे. बटणं शिकायची तर दोन कापडी पल्ले बटणांनी जोडायची, बटणांचीच चौकट हवी, झिपची वेगळी, नाडीची वेगळी. खरं सांगू का, मोठाली बटणं असलेला तुझा जुना शर्ट टेबलावर पसरून दिलास तरी चालेल.

अडीच वर्षांच्या मुलाला सगळ्यात जास्त हवं असतं ते मोठ्यांचं काम, आणि त्याची साधनं तुझ्या यादीत एकही नाही! तिच्या हातात मावेल असा छोटा जग, चोच नीट असलेला, धार तुटली की थेंब बाहेरून न ओघळणारा. दोन छोटे पेले. पुसायचं फडकं, तिच्या उंचीचा झाडू. जगात पाणी इतकंच ठेव की सगळं सांडलं तरी तिला एका फडक्याने पुसता यावं. सांडलेलं पाणी हीच तिची चूक दाखवणारी पाटी. पेले काचेचे असले तर उत्तम. सुरुवातीला तू शेजारी बस. लाकूड तेवढं पवित्र आणि बाकी सगळं त्याज्य, असं काही नसतं.

रंगांच्या पट्ट्या घरी करता येतील. मॉन्टेसरी रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत तीनच जोड्या असतात, लाल, निळी, पिवळी. सहाही पट्ट्या एकाच मापाच्या, एकाच पुठ्ठ्याच्या, रंगाखेरीज काहीही वेगळं नको. आधी नुसत्या जोड्या लावू दे. मग नावं: ‘हा लाल.’ मग ‘लाल कुठला, दाखव.’ आणि फार पुढे ‘हा कुठला?’ तिसरा प्रश्न घाईने विचारायचा नाही; चुकली तर हसून दुसऱ्या पायरीवर परत.

अक्षरं आणि आकडे थांबू दे. खरखरीत अक्षरं, म्हणजे बोटाने गिरवायची सँडपेपरची अक्षरं, घेशील तेव्हा घरात जी भाषा बोलता तिचीच घे आणि बोट फिरवायची दिशा आधी स्वतः गिरवून बघ. आकड्यांत स्पिंडल बॉक्स मला फार आवडतो. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि काड्या नेमक्या ४५. मोजताना कुठे चुकलं तर शेवटी काडी कमी तरी पडते नाहीतर उरते. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो आणि मुलं त्यात वाकून वाकून बघतात. पण ते साधारण चौथ्या वर्षाचं काम.

आत्ता तिच्या कमरेएवढं उघडं कपाट कर, त्यात पाच-सहा वस्तू, प्रत्येक वेगळ्या तबकात, मध्ये मोकळी जागा सोडून. नवीन वस्तू एकदा तू करून दाखव, हळू आणि न बोलता. हात चालू असताना तोंड चालू असलं की मूल तोंडाकडे बघतं. वस्तू जागेवर परत ठेवण्यापर्यंतचं सगळं दाखव, कारण तोही कामाचाच भाग आहे.

तेव्हा जग, पेले, फडकं, झाडू, रंगांच्या जोड्या, आणि विकत घ्यायचा तो एक दट्ट्यांचा ठोकळा, जाडीचा. त्यातला सर्वांत बारीक दट्टाही त्याच नळकांड्याच्या नियमाने तपास. जुना मिळाला तर खुशाल घे, पण रंगाचे पोपडे आणि लाकडाच्या कुसळांवरून हात फिरवून बघ आणि दट्टे स्वतः मोज. नऊच असतील तर फुकट मिळाला तरी आणू नकोस.

तुझ्या बाई