आधारची प्रत देताना

प्रश्न : मडगावात खोली भाड्याने घेताना मालकाने आधारची प्रत मागितली. कायद्याने वागणाऱ्या माणसाने घाबरावे कशाला? — एक वाचक, फोंडा

उत्तर : काजूच्या चिकाने बोटांची साल गेलेल्या माझ्या आईचा ठसा रेशन दुकानातील यंत्राने तीनदा नाकारला, आणि जन्मभर ओळखणाऱ्या गावकऱ्यांसमोर ती अनोळखी ठरली, तिने कोणता कायदा मोडला होता? शिवाय चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली होती; पुढे २०१९ च्या कायदादुरुस्तीने ऐच्छिक वापराला पुन्हा वाट मिळाली. मालकांना शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या, तिच्यावर कारण व तारीख लिहा, आणि आधारमधले बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद, लॉक करून ठेवा. गरजेपुरते ते उघडता येते.