कोणता काटा आधी उचलायचा?

प्रश्न: औपचारिक पाश्चात्त्य जेवणात प्लेटच्या दोन्ही बाजूंना इतके काटे-सुऱ्या असतात, सुरुवात कुठून करायची? आणि जेवताना जरा थांबलं की वेटर प्लेट उचलून का नेतो?

उत्तर: बाहेरून आत यायचं, एवढं धरून ठेवा. सर्वांत बाहेरची जोडी पहिल्या पदार्थाची. ती प्लेटबरोबर गेली की पुढची जोडी आपोआप बाहेरची होते. काटे डावीकडे, सुऱ्या आणि सुपाचा चमचा उजवीकडे. प्लेटच्या वरच्या अंगाला आडवा ठेवलेला काटा-चमचा गोडासाठी. चुकीचा काटा उचललाच तर तोच वापरा. पुसून परत ठेवणं जास्त वाईट दिसतं.

प्लेट जाते ती खुणेमुळे. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. थांबायचं असेल तर काट्याचा दांडा आठकडे, सुरीचा चारकडे, टोकं प्लेटच्या मध्याकडे, काट्याचे दात खाली. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलीत की ‘संपलं’ असाच अर्थ होतो. ब्रिटिश पद्धतीत दांडे सहाकडे, अमेरिकेत बहुधा चारकडे. सुरीची धार कायम आपल्या बाजूला, शेजाऱ्याकडे कधीच नाही. वापरलेली सुरी टेबलक्लॉथवर टेकवू नका, अर्धी प्लेटवर अर्धी टेबलावर अशीही नाही.

ब्रेडची डावीकडची प्लेट तुमची. गोल टेबलावर इथे हमखास घोळ होतो आणि एकाने चूक केली की सगळी रांग बिघडते. ब्रेड कापायचा नाही; घासापुरता तुकडा हाताने तोडून त्यालाच लोणी लावा.

सूप मात्र आपल्यापासून दूर ढकलत चमच्यात भरा, म्हणजे थेंब मांडीवर न पडता वाडग्यातच पडतो.