ट्रान्सफरनंतरची वाट पाहताना

ताई, भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून बीटा एचसीजीची (गर्भ रुजल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी होईपर्यंतचे साधारण 10 ते 14 दिवस आयव्हीएफच्या (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या) या उपचारातले सर्वांत अवघड असतात, असे मला मनापासून वाटते. या काळात शरीराच्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावू नका. स्तन दुखणे, पोट फुगणे, झोप येणे हे सारे गर्भाशयाच्या अस्तराला आधार देण्यासाठी दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या औषधानेही होते, आणि काहीच न जाणवणे हेही अपयशाचे लक्षण नाही.

घरी लघवीची चाचणी लवकर करण्याचा मोह होईल. परंतु ट्रिगर इंजेक्शन (स्त्रीबीजे काढण्याआधी ती पक्व होण्यासाठी दिलेले) एचसीजीचे असेल, तर त्याचा अंश काही दिवस शरीरात राहून खोटी आशा दाखवू शकतो, आणि फार लवकर केलेली चाचणी गर्भ रुजला असतानाही नकार देऊ शकते. थोडा रक्तस्राव दिसला तरी स्वतःहून प्रोजेस्टेरॉन बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. पोट झपाट्याने फुगले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालयात कळवा.

अंथरुणाला खिळून राहण्याने यशाची शक्यता वाढत नाही, त्यामुळे घरातल्यांनी कितीही आग्रह केला तरी नेहमीची हलकी कामे करण्यास हरकत नाही.

बीटा एचसीजीचा पहिला आकडा आला की लगेच दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करू नका. सुमारे 48 तासांनी पुन्हा तपासून तो कसा वाढतो, हे डॉक्टर पाहतात. अहवाल फोनवर कोण ऐकणार, हे पतीशी आधीच ठरवून ठेवा.