नऊ डाइव्हनंतर डाइव्हमास्टर?

प्रश्न : ताई, मी कोरेगावचा, वय २३. मार्चमध्ये मालवणला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला आणि डिसेंबरात अंदमानला अ‍ॅडव्हान्स्ड. त्याशिवाय वेगळ्या डाइव्ह केलेल्या नाहीत. आता तिथलं एक सेंटर सलग तीन महिन्यांत डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा गाईड, करून देतो म्हणतंय. मामा पैसे द्यायला तयार आहेत, आई थांब म्हणते. लहानपणापासून कृष्णेत पोहतोय, त्यामुळे पाण्याची भीती नाही. मालवणला तर शेवटची डाइव्ह आटोपून त्याच रात्री घरी आलो, काही त्रास झाला नाही. हा हंगाम सोडू का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सोड. मामांचे पैसे यंदा घेऊ नकोस.

ओपन वॉटरच्या ४ आणि अ‍ॅडव्हान्स्डच्या ५, म्हणजे तुझ्या लॉगबुकात ९ डाइव्ह. कुठे उतरायचं, किती खोल जायचं, वर कधी यायचं हे नऊही वेळा शिक्षकाने ठरवलं आणि तू त्याच्या मागे गेलास. डाइव्हमास्टर झालास की तुझ्या मागे पाहुणे असतील.

पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे हा कोर्स सुरू करायला ४० डाइव्ह लागतात, प्रमाणपत्र मिळायला ६०. शिवाय आधी रेस्क्यू डायव्हर व्हावं लागतं. तीन महिन्यांत हे सगळं बसतं, ते सेंटर खोटं बोलत नाही. पण त्याच बेटाजवळ, त्याच ठरलेल्या जागी, स्वच्छ पाण्यात, कुणाच्या तरी मागोमाग ६० वेळा गेलास तर आकडा वाढेल, निर्णय घ्यायची वेळ मात्र एकदाही येणार नाही. पाहुण्यांना पाण्यात नेण्याचं काम मी अंदमानात काही वर्षं केलं आहे, आणि असे घाईने तयार झालेले गाईड पाहून माझा जीव टांगणीला लागतो.

नदीतल्या पोहण्याबद्दल सांगते. मी सांगलीची, आयर्विन पुलाजवळ कृष्णेतच पोहायला शिकले. त्या पोहण्याने धीर येतो हे खरं. पण बुडी मारली की दम धरायचा ही आपली सवय स्कूबात घातक ठरते. सिलिंडरची हवा घेऊन श्वास रोखून वर आलं की १० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. नियम तुला पाठ असेल, पण पाहुण्याने घाबरून तुझा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचा तोंडातला भाग, ओढला तर त्या क्षणी पाठांतर आठवत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढं होतं.

हवेचा हिशेबही असाच अंगात मुरावा लागतो. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) भरले की साधारण २,२०० लिटर हवा. वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला २० मीटरवर ६० लागते, कारण तिथे दाब तिप्पट. ५० बार शिल्लक ठेवायचे तर पंचवीस-सत्तावीस मिनिटं मिळतात. नवखा धापा टाकत त्याआधीच संपवतो. गाईडचीच हवा आधी संपली तर पाहुण्याने कुणाकडे बघायचं? सुरुवातीचे आणि शेवटचे बार, खोली, वेळ, प्रवाह, कमरेला किती वजन लावलं, हे सगळं प्रत्येक डाइव्हनंतर लिहायला लाग.

हंगाम कुठे जात नाही. पावसाळ्यात मालवणच्या डाइव्ह बंद असतात, तेव्हा साताऱ्यात प्रथमोपचार आणि सीपीआर नीट शिकून घे. पाऊस सरला की पुन्हा मालवण. तिथे पाणी पुष्कळदा गढूळ असतं आणि जोडीदार नजरेआड होऊ न देणं त्या गढूळ पाण्यातच शिकायला मिळतं. मग मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. गाईड सोबत राहू दे, पण डाइव्हचा आराखडा तू मांड आणि त्याला तपासायला सांग. माझ्या मते पंचवीस-तीस डाइव्ह झाल्या की रेस्क्यू कर, कारण स्वतःवरची नजर काढून दुसऱ्यावर ठेवायला तो कोर्स शिकवतो. बोटीत परत आल्यावर जोडीदाराचे किती बार उरले होते हे कुणी विचारण्याआधी तुला सांगता येऊ लागलं की मामांना फोन कर.

आता त्या रात्रीच्या प्रवासाविषयी. त्रास झाला नाही हे नशीब, ते पुन्हा करू नकोस. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात उंचावर गेलं की दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात, मग सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, कधी त्याहून वाईट. विमानात बसण्याआधी घ्यायची विश्रांती ६०० मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही लागू धरतात. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे आणि तुमचं सातारा शहर ७०० च्या वर. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८. दुपारी तीनला पाण्याबाहेर आलास तर रात्र मालवणातच काढ आणि सकाळी नऊनंतर गाडी घाटाकडे वळव.