दीपगृह बघायला जाताय? वर चढायची घाई नको

जुनं दीपगृह पहिल्यांदाच बघणार असाल, तर आधी बाहेरून मनोऱ्याभोवती एक चक्कर मारा. त्यावरचे रंगीत पट्टे शोभेसाठी नसतात. दिवसा खलाशांना नेमकं कुठलं दीपगृह ते ओळखता यावं म्हणून असतात. रात्री तेच काम चमकांची लय करते. अंधार पडेपर्यंत थांबता आलं, तर दोन चमकांमधले सेकंद मोजून बघाच.

खरं वैभव मात्र वरच्या काचघरात. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांचं भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहात बसलं. काचेच्या कड्यांनी चहूकडे विखुरणारा उजेड वळवून क्षितिजाकडे सोडला, आणि तेलाचा दिवाही कितीतरी मैल लांबून दिसू लागला! जुनं भिंग जागेवर असेल तर त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या, पण हात लावू नका. पुढे काही ठिकाणी ही अवजड भिंगं पाऱ्यावर तरंगत फिरायची. मनोऱ्यातून खाली उतरणारं वजन त्यांना फिरवायचं आणि रखवालदार ते रात्रभर पुन्हा पुन्हा वर चढवायचे. त्यांच्या नोंदवह्या मांडलेल्या असतील तर नक्की वाचा.

आणि हो, चालू दीपगृहात वर सोडतातच असं नाही, आधी चौकशी करून निघा.