बॅप्टिस्टांत बिशप नसतो, मग पत्र कुणाच्या नावानं?

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडातल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी पक्की झालीय, भाड्याच्या घराजवळ बॅप्टिस्ट चर्च आहे. तर तिथले बिशप कोण, कोल्हापूरच्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, शिफारसपत्र डायोसिसला (बिशपच्या प्रांताला) द्यायचं की थेट लंडनला, आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना तो पुन्हा घ्यायला लावतात का?

मीही कोल्हापूरचाच, बरीच वर्षं लेस्टरात आहे. बिशप नाहीत, डायोसिसही नाही. पत्र त्या एका चर्चच्या सेक्रेटरीच्या नावानं आणा. वर पाठवायला तिथं ‘वर’ कुणी नसतंच.

हे आपल्या लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, पुढं ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं झालं. त्यामुळं मंडळीचे वडील म्हणजे ज्येष्ठ पुढारी, त्यांच्यावर कौन्सिल, अशी उतरंड आपल्या अंगवळणी पडलेली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि बिशपही आले. पाळकांची (पाद्र्यांची) बदली झाली की आपण निरोप समारंभ करतो, हार घालतो आणि नवीन येतील त्यांना स्टेशनवर आणायला जातो. आपल्याला कुणी विचारत नाही.

इथं बदली नावाचा प्रकारच नाही. पाळक हवा असेल तर मंडळी शोधते, त्यांना एखाद्या रविवारी उपदेशाला बोलावते आणि मग सभासद चिठ्ठ्या टाकून मत देतात. किती टक्के मतं पडायला हवीत हेही ज्या त्या मंडळीच्या नियमांत असतं. सभासदांची ही सभा म्हणजे चर्च मीटिंग, खरा कारभार तिथं चालतो. आमच्याकडं एकदा बॉयलरवरून असं भांडण रंगलं, की पुरे! पाळकांना नवीन बॉयलर लगेच हवा होता. मागच्या रांगेतल्या एका आजींनी उठून विचारलं, आधी छताचं काय? हात वर झाले, मोजले गेले, पाळक हरले. त्यांनी ते मुकाट्यानं वहीत टिपून घेतलं आणि चहा झाला. आपल्याकडं रेव्हरंडांना असं कुणी तोंडावर म्हणेल का?

मग मंडळ्यांनी मिळून केलेल्या असोसिएशन आणि युनियन कशासाठी? लेस्टर ईस्ट मिडलंड बॅप्टिस्ट असोसिएशनमध्ये येतं. या शतकाच्या सुरुवातीला फेररचना होऊन अशा १३ प्रादेशिक असोसिएशन केल्या गेल्या. त्यांच्याकडं रीजनल मिनिस्टर असतात. पद ऐकून बिशप वाटतील, पण ते हुकूम सोडत नाहीत. पाळक शोधताना नावं सुचवतात, मंडळीत तंटा झाला तर बोलावल्यावर येऊन बसतात. त्यांच्या पलीकडं बॅप्टिस्ट युनियन ऑफ ग्रेट ब्रिटन, मुळं १८१३ सालची, ऑफिस ऑक्सफर्डशायरमधल्या डिडकॉटला. पाळकांची मान्यता, पेन्शन, कायद्याचा सल्ला हे तिथून होतं. होम मिशन नावाचा एक फंड आहे: मंडळ्या त्यात देणगी टाकतात आणि त्यातून ज्या लहान मंडळीला पाळकांचा पगार झेपत नाही तिला मदत मिळते. मला या सगळ्या रचनेत हा भाग सगळ्यात पटतो. युनियन एखाद्या पाळकांचं नाव आपल्या यादीतून काढू शकते, पण त्यांना चर्चमधून काढायचं की ठेवायचं हे मंडळीच ठरवते.

हे सैल वाटेल, पण या सैलपणातून काय घडलं बघा. विल्यम केरी लेस्टरमध्येच हार्वे लेनच्या चर्चचे पाळक होते. मे १७९२ मध्ये नॉर्थम्प्टनशायरच्या असोसिएशनची सभा नॉटिंगहॅमला भरली, तिथं त्यांनी उपदेश केला. त्याच ऑक्टोबरात केटरिंगमधल्या एका घरात बसून बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. लहान गावांतल्या काही मंडळ्यांचे पाळक, कुणाची परवानगी नाही. केरी बंगालात गेले आणि तिथल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं.

आता बाप्तिस्म्याचं. बॅप्टिस्टांत बाप्तिस्मा विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून. पण तुमचा लहानपणीचा चालेल का, हे युनियन ठरवत नाही. काही मंडळ्या तुमची विश्वासाची साक्ष ऐकून सभासद करून घेतात, काही बुडवून घेतलेल्या बाप्तिस्म्याशिवाय सभासदत्व देत नाहीत. पहिल्याच भेटीत पाळकांना सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. उपासनेला यायला सभासद असावं लागत नाही, प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) बहुतेक ठिकाणी सगळ्या विश्वासणाऱ्यांना खुलं असतं. मतदान मात्र सभासदांचंच.

एक खबरदारी: पाटीवर बॅप्टिस्ट लिहिलंय म्हणजे चर्च युनियनमध्ये असेलच असं नाही. ग्रेस बॅप्टिस्ट नावाच्या मंडळ्यांचा गट वेगळा आहे, काही कुणातच नसतात. त्यात गैर काही नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं. उद्या स्कॉटलंडला नोकरी लागली तर तिथली युनियन वेगळी, १८६९ ची. तुमची कागदपत्रं एका युनियनकडून दुसरीकडं जात नाहीत, नवीन चर्चच जुन्या चर्चला पत्र लिहून विचारतं.

शिफारसपत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) तारखांसह घ्या. भाऊजी शाब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) शिकवतात म्हणालात, त्याचा उल्लेख असू द्या. पण इथं मुलांसोबत काम करण्याआधी डीबीएस नावाची सरकारी तपासणी होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून इकडं यायला निघण्याआधी पोलिसांचा दाखला कोल्हापुरातूनच काढून आणा.